ओला कापूस, ओली कविता: ‘बेडूक’ शिकवल्याचं एक प्रकरण

वर्ग बी.ए. तिसऱ्या वर्षाचा, विषय इंग्रजी वाङ्मय, पटावर 17 जण. गाव यवतमाळ जिल्ह्यातलं, तालुक्याचं. कॉलेजच्या मागच्या भिंतीला लागून जिनिंग आहे, त्यामुळे दिवाळीनंतर खिडक्या उघड्या ठेवल्या की तास संपेपर्यंत बाकांवर रुईचा पातळ थर बसतो. हे का सांगतोय ते पुढे येईलच.

नाटक होतं ॲरिस्टोफेनिसचं ‘बेडूक’. इ.स.पू. 405 मधलं, आणि मुलांच्या हातात त्याचं इंग्रजी भाषांतर. पहिल्या दिवशी मी एकच काम दिलं. पहिल्या 200 ओळी घरी वाचायच्या आणि जिथे हसू आलं तिथे समासात पेन्सिलीनं टिंब करायचं. दुसऱ्या दिवशी 17 पुस्तकं गोळा केली. सगळ्यांची मिळून टिंबं 4. त्यातली 2 एकाच मुलाची, आणि तीही सरांना बरं वाटावं म्हणून काढल्याचं त्यानं नंतर कबूल केलं.

मग वह्या उघडायला सांगितल्या. तिथे मात्र भरभराट होती. बेडूक हे सामान्य जनतेचे प्रतीक. नौका हे जीवनाकडून मृत्यूकडे जाणाऱ्या प्रवासाचे प्रतीक. सिंहाचे कातडे हे पोकळ शौर्याचे प्रतीक. बाजारातल्या एका गाईडमधून उतरवलेली ही यादी सगळ्यांकडे त्याच क्रमानं, त्याच शब्दांत होती. मी मोजली, 23 निघाली. एका विनोदी नाटकात हसू 4 आणि प्रतीकं 23. पुढचे दोन महिने आम्ही या हिशेबाशी झगडलो, त्याची ही नोंद.

नाटकाची गोष्ट आधी सांगून टाकतो. अथेन्सचे थोर शोकनाटककार संपलेत. एस्किलसला जाऊन पन्नास वर्षं झाली, युरिपिडीस 406 मध्ये गेला, त्याच्यामागोमाग सोफोक्लीसही. रंगभूमीचा देव डायोनिसस याला करमेनासं झालंय. युरिपिडीसला परत आणायला तो स्वतः पाताळात निघतो. तिथे आधी जाऊन आलेला ओळखीचा माणूस म्हणजे हेराक्लीस, तेव्हा त्याच्यासारखं दिसावं म्हणून हा नाजूक देव अंगावरच्या केशरी झग्यावर सिंहाचं कातडं चढवतो, हातात सोटा घेतो. सोबत झँथियस नावाचा गुलाम. वाटेत फजित्या, पाताळात एस्किलस आणि युरिपिडीस यांचा सामना, आणि शेवटी देव ज्याला आणायला गेला त्याला तिथेच ठेवून एस्किलसला घेऊन वर येतो. मागे पार्श्वभूमी युद्धाची. स्पार्टाशी सुरू असलेल्या लढाईनं अथेन्स पार थकलेलं आहे.

दुसरा तास मी स्वतःच्या हातानं वाया घालवला. तळटिपा घेऊन बसलो. हा कोण, तो कोण, या कोटीत कोणता शब्द दडलाय, हे पन्नास मिनिटं समजावलं. मुलांनी सगळं लिहून घेतलं आणि एकही जण हसला नाही. वर एका मुलीनं विचारलं, “सर, हे विनोद परीक्षेला येतील का?”

मढं आणि दीड दिरम

तिसऱ्या तासाला इंग्रजी पुस्तक मिटलं. रात्री मी एका छोट्या प्रसंगाचं ओबडधोबड मराठी करून आणलं होतं. झँथियसला ओझं झेपत नाही. तेवढ्यात समोरून एक अंत्ययात्रा येते. डायोनिसस सरळ तिरडीवरच्या मढ्यालाच हाक मारतो. नाहीतरी पाताळातच चाललायस, आमचं सामान नेशील का? मढं उठून बसतं आणि भाव सांगतं, दोन द्राख्मा. द्राख्मा मुलांच्या तोंडी बसेना, तेव्हा आम्ही त्याचा दिरम केला. एका दिरमचे सहा ओबोल. डायोनिसस म्हणतो जास्त होतात. मढं खांदेकऱ्यांना म्हणतं, चला रे पुढे. देव म्हणतो थांब थांब, नऊ ओबोल घे.

ही जागा इंग्रजीत 17 जणांनी वाचली होती आणि तिथे कोणाचंही टिंब नव्हतं. आता मढं झाला होता मागच्या बाकावरचा एक मुलगा, ज्याचे वडील मार्केट यार्डात अडत्याकडे कामाला आहेत. माझ्या कागदावर ‘त्यापेक्षा मी पुन्हा जिवंत होईन’ असं शुद्ध वाक्य होतं. त्यानं कागद बाजूला ठेवला, बाकावर आडवा झाला, मान तेवढी वर केली आणि म्हणाला, “नऊ ओबोल? त्यापक्षा मी परत जित्ता होतो ना बे!”

वर्ग फुटला. शेजारच्या वर्गातून प्राध्यापक डोकावून गेले.

हसं ओसरल्यावर मी विचारलं, का हसलात? बराच वेळ ‘त्यानं बोललंच तसं’ यापलीकडे उत्तर येईना. शेवटी एक मुलगी म्हणाली, आपण म्हणतो ‘मेलो तरी बेहत्तर, पण हे करणार नाही’. मढ्याला मरायची धमकी देता येत नाही, म्हणून ते जगायची देतं. हा नेमका ॲरिस्टोफेनिसचा विनोद. ग्रीकमध्येही तो एवढाच आहे: नेहमीची शपथ मढ्याच्या तोंडी घालून उलटी केली. इंग्रजीतून तो कळत नव्हता असं नाही. पण इंग्रजीत या मुलांनी आयुष्यात कधी शपथ घेतलेली नव्हती, तर ती उलटी झालेली ऐकू येणार कुठून?

मग अडत्याकडच्या मुलानं आणखी एक गोष्ट काढली. दोन दिरम म्हणजे बारा ओबोल, देवानं नऊ सांगितले, म्हणजे दीड दिरम, पाऊण भाव. “सौदा दहावर तुटला असता, सर. मढ्यानं घाई केली.” जगातून उठून चाललेल्या माणसाला तीन ओबोलांसाठी अडून बसावंसं वाटतं, यात त्याला काही विचित्र वाटलं नव्हतं. त्याच्या थोडं आधी हेराक्लीस सांगतो की कॅरन नावाडी पाताळातल्या तळ्यापार न्यायचे दोन ओबोल घेतो, तेव्हा डायोनिसस म्हणतो की दोन ओबोल जिकडेतिकडे काय चमत्कार करतात! त्या दिवसांत अथेन्समध्ये दोन ओबोलांचा सरकारी भत्ता सुरू होता. पैसा मेल्यावरही सुटत नाही हे प्रतीक बिलाच्या आकड्यात आलं होतं, आणि गाईडच्या यादीत ते नव्हतं.

त्या दिवसापासून आमचा नियम ठरला. आधी वाचून दाखवायचं, जमेल त्या बोलीत. हसू आलं तर थांबायचं आणि कशाला हसलो ते धरून ठेवायचं. प्रतीक हा शब्द मी वर्गात चार आठवडे बंद केला. एका मुलानं तो चुकून उच्चारला तर बाकीचे “दिरम, दिरम” म्हणून दंड मागायचे. दंड चहाचा.

कावड

नाटकाची पहिलीच ओळ विनोदावरचा विनोद आहे. झँथियस विचारतो, मालक, प्रेक्षक ज्याला नेहमी हसतात त्यातला एखादा विनोद टाकू का? मालक म्हणतो, टाक, फक्त ‘ओझ्यानं मेलो’ तेवढं म्हणू नकोस, त्याचा वीट आलाय. आणि गंमत म्हणजे गुलामाच्या खांद्यावर खरोखरच कावड आहे. ओझ्यानं तो खरोखरच मेलाय, पण ते म्हणायची सोय नाही, कारण तो विनोद जुना झाला.

बतावणी पाहिलेल्या मुलांना हे सांगावं लागलं नाही. सोंगाड्या प्रेक्षकांकडे वळून ‘आता यांना हसू येणार’ असं म्हणतो ती जागा त्यांना ठाऊक होती. पण पुढची जागा मला नवीन होती. झँथियस गाढवावर बसलाय आणि कावड त्याच्या खांद्यावर आहे. डायोनिसस वाद घालतो की ओझं तू वाहत नाहीस, गाढव वाहतंय. कारण तुलाच कोणीतरी वाहतंय, मग तू कसा वाहशील? मी हा तर्कटाचा विनोद, सॉफिस्ट म्हणजे वादविवाद शिकवणाऱ्या मंडळींची टिंगल, असं शिकवत आलो होतो. ते चूक नाही. पण एक मुलगी, जिची आई सरकी वेचायच्या हंगामात मजुरीला जाते, म्हणाली, “सर, मुकादम असंच बोलतो. गाडी तुम्हाला नेतेय, तुम्ही काय चालता?”

थोडं पुढे झँथियस स्वतःला एलेफ्सिसच्या गूढ उत्सवाला सामान नेणारं गाढव म्हणवतो. ग्रीकांत तशी म्हण होती: उत्सव लोकांचा, ओझं गाढवाचं. वर्गानं त्याला लगेच नाव ठेवलं, दिंडीच्या सामानाच्या ट्रकचा ड्रायव्हर. सगळी वारी पुढच्या मुक्कामाला पोचवतो आणि दर्शनाच्या रांगेत कुठे नसतो.

बेडकांचं काय?

बेडूक या नाटकात फार थोडा वेळ येतात, ही बातमी वर्गाला धक्कादायक होती. साधारण 60 ओळींचा एक प्रसंग आणि संपलं. ते रंगमंचावर दिसत होते की पडद्याआडून नुसते ओरडत होते, यावरही अभ्यासकांचं एकमत नाही. नाटकाचा खरा कोरस, म्हणजे गाणारा-नाचणारा समूह, एलेफ्सिसच्या उत्सवाची दीक्षा घेतलेल्या भक्तांचा. “मग नाव ‘बेडूक’ काहून?” असं एकानं वैतागून विचारलं. गाईडमध्ये ‘बेडूक = सामान्य जनता’ यावर त्यानं अख्खं पान लिहिलं होतं.

उत्तर शोधायला आम्ही वल्ही मारली. शब्दशः. दोन बाकं उलटी करून नाव केली. डायोनिसस झालेल्या मुलाला कॅरन सांगतो, बैस आणि वल्हव. देव म्हणतो मला येत नाही, समुद्राशी संबंध नाही, मी ‘असालामिनियॉस’ आहे. म्हणजे सालामिसचा नव्हे. 480 साली सालामिसच्या आरमारी लढाईत अथेन्सनं इराणला बुडवलं होतं, त्या अभिमानावरची ही कोटी. आणि हे ऐकणारे प्रेक्षक कोण? एका त्रिस्तरी युद्धनौकेवर 170 वल्हेकरी लागायचे. नाटकाच्या आदल्याच वर्षी आर्गिनुसीच्या लढाईला अथेन्सनं मिळतील ते हात वल्ह्यांवर बसवले होते, गुलामांनासुद्धा. ज्यांच्या तळहातांना अजून घट्टे आहेत अशा हजारो लोकांसमोर देव पहिल्यांदा वल्हं धरतो आणि तक्रार करतो की फोड आले, ढुंगण दुखतंय.

बेडूक त्याला ताल धरू देत नाहीत. ब्रेकेकेकेक्स कोआक्स कोआक्स. आम्ही सोळा जण दोन गटांत बसून ते म्हटलं. डायोनिसस झालेला मुलगा झाडूच्या दांड्यानं वल्हवत होता. त्याचा ताल एक, यांचा दुसरा. तिसऱ्या फेरीला त्याचा दांडा खरोखर निसटला. शेवटी नाटकात देव करतो तेच त्यानं वैतागून केलं, बेडकांपेक्षा मोठ्यानं ब्रेकेकेकेक्स ओरडायला लागला, आणि बेडूक गप्प झाले. म्हणजे जिंकला कसा? त्यांच्यातलाच एक होऊन. हे वाक्य माझं नाही, दांडा निसटलेल्या मुलाचं आहे, आणि यावर मी एक तास बोललो असतो तरी इतकं नीट सांगितलं नसतं.

संस्कृत घेतलेल्या एका मुलीनं इथे ऋग्वेदातलं मंडूकसूक्त आणलं, सातव्या मंडलातलं 103वं. तिथे पावसाळ्यातले बेडूक एकामागून एक ओरडतात, जसा शिकणारा गुरूचे शब्द पुन्हा म्हणतो. सूक्त थट्टेचं की श्रद्धेचं यावरही वाद आहेतच. तिचं म्हणणं एवढंच की बेडूक ऐकला की माणसाला पाठांतर आठवतं, मग तो कुठलाही असो. वर्गातल्या गाईडी नोटांकडे पाहून ती हे म्हणाली की नाही, ठाऊक नाही. मला मात्र आठवल्या.

जाता जाता: अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी एकोणिसाव्या शतकातच ही बेडकांची आरोळी खेळाच्या मैदानावरची घोषणा करून टाकली होती. 1974 साली तिथेच हे नाटक पोहण्याच्या तलावात झालं, आणि कोरसमध्ये तेव्हा शिकत असलेल्या मेरिल स्ट्रीप आणि सिगर्नी वीव्हर होत्या. हे सांगितल्यावर गावातल्या तलावाबद्दल चर्चा सुरू झाली. ती मी वेळीच थांबवली.

जिथे हसू आलं नाही

आता अडलेली जागा. पाताळाच्या दारात हेराक्लीसच्या जुन्या उधाऱ्या निघतात. खानावळवाल्या बायका त्याच्या नावानं बोंब मारतात, एकट्यानं 16 भाकऱ्या खाल्ल्या होत्या म्हणून. संकट आलं की डायोनिसस कातडं गुलामाला देतो, मेजवानीचं आमंत्रण आलं की परत मागतो. इथवर सगळे खूश. मग द्वारपाल पकडतो. यातला देव कोण आणि गुलाम कोण? ठरवायला दोघांना आळीपाळीनं फटके. जो ओरडेल तो देव नाही. देवाच्या तोंडून किंकाळी निघते आणि तो सावरून घेतो, म्हणे घोडेस्वार दिसले. मग डोळ्यांत पाणी का? कांद्याचा वास आला.

कांद्यावर मुलं हसली. सरकीवाली मुलगी हसली नाही. तिनं विचारलं, मारण्यात हसण्यासारखं काय आहे? मी माहिती दिली. अथेन्सच्या कायद्यात गुलामाची साक्ष छळ केल्यावरच ग्राह्य धरत, आणि झँथियस त्याचीच नक्कल करत ‘माझ्या या गुलामाला हवं तसं छळा’ म्हणून आपल्या मालकालाच पुढे करतो. तिनं ऐकून घेतलं. म्हणाली, “माहिती बरोबर आहे, सर. पण मार खाणाऱ्यानं केलेला विनोद वेगळा आणि पाहणाऱ्यानं केलेला वेगळा. हा कोणाचा आहे?”

मी उत्तर दिलं नाही, कारण जवळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी तीच एक गोष्ट घेऊन आली. फटक्यांनी काहीच ठरत नाही. दोघंही सारखेच कळवळतात, सारखीच सबब सांगतात आणि द्वारपाल हात टेकतो. मग लगेच पुढच्या पानावर कोरस प्रेक्षकांना सरळ उपदेश करतो: आर्गिनुसीला एकदा लढले म्हणून गुलामांना नागरिक केलंत, ते चांगलंच केलंत. मग जे नागरिक 411 च्या सत्तापालटात चुकले आणि हक्क गमावून बसले, त्यांनाही माफ करा. तिचं म्हणणं, या दोन पानांमधला सांधा पाहा. आधी चाबकानं मालक-गुलाम ओळखता आला नाही, आणि मग नागरिक कोण ही चर्चा. हे प्रतीक असेल तर मला चालेल, ती म्हणाली, पण हसणार नाही.

तिच्या त्या ‘चालेल’चा मला हेवा वाटला. या प्रकरणात कोणी एकानं मला काही शिकवलं असेल तर तिनं. विनोद सापडला की प्रतीक आपोआप सापडतं असं मी मनात घट्ट केलं होतं. इथे प्रतीक हसण्यातून सापडलं नव्हतं, न हसण्यातून सापडलं होतं.

त्याच उपदेशात नाण्यांची गोष्ट येते. 413 मध्ये स्पार्टानं अथेन्सजवळच्या डेकेलियाला तळ टाकला, वीस हजारांहून जास्त गुलाम पळाले, लॉरिऑनच्या चांदीच्या खाणी बंद पडल्या. अथेन्सनं विजयदेवतेच्या सोन्याच्या मूर्ती वितळवून नाणी पाडली, आणि मग तांब्यावर चांदीचा मुलामा दिलेली. ॲरिस्टोफेनिस म्हणतो, आपण जुनी घुबडछाप चांदीची नाणी वापरतच नाही आणि काल-परवा पाडलेली भिकार नाणी वापरतो. माणसांचंही तेच करतो. जुन्या नाण्यांसाठी तो जो शब्द वापरतो त्याचा अर्थ वाजवून पारखलेली. फळ्यावर लिहून मी विचारलं, मराठीत काय म्हणाल? चार-पाच आवाज एकदम आले: “खणखणीत!” आणि मागून एक, “बंदा रुपया.” आम्ही माणसाला नाणं म्हणतच होतो. ॲरिस्टोफेनिसकडून ते शिकायची गरज नव्हती, त्याच्याकडे ओळखायची होती.

अर्थात कवीचं खणखणीत नाणं म्हणजे खानदानी, तालमीत आणि गाण्यात वाढलेली मुलं, हेही वर्गानं लगेच पकडलं आणि त्याला झोडपलं. “नवं नाणं म्हणजे आम्हीच की, सर.” नाटकाला पहिलं बक्षीस मिळालं, आणि प्राचीन नोंदीप्रमाणे याच उपदेशामुळे ते पुन्हा करायची परवानगी मिळाली. तो मान वर्गानं फारसा मनावर घेतला नाही.

बुधली आणि तराजू

दोन कवींच्या सामन्यात एस्किलस म्हणतो, युरिपिडीसच्या सगळ्या नाटकांची सुरुवात एका तेलाच्या बुधलीनं उधळता येते. ग्रीक तरुण तालमीत जाताना जी घेऊन जायचे ती. युरिपिडीस पन्नास मुलगे घेऊन समुद्रमार्गे निघालेल्या एजिप्टसची ओळ म्हणतो, आणि वाक्य पूर्ण व्हायच्या आत एस्किलस जोडतो: ‘त्याची बुधली हरवली.’ छंदात चपखल बसतं. दुसरी ओळ, बुधली हरवली. तिसरी, बुधली हरवली. प्रत्येक सुरुवात एकाच साच्यातली आहे हे सिद्ध होतं. काही अभ्यासकांना त्यात अश्लील कोटीही दिसते.

वर्गात ही साथीसारखी पसरली. निबंधाची सुरुवात: “पहाटेची वेळ होती, पूर्व दिशा उजळली होती, आणि माझी” “बुधली हरवली!” स्नेहसंमेलनातलं भाषण: “व्यासपीठावरील मान्यवर, उपस्थित गुरुजनवर्ग आणि माझी” “बुधली हरवली!” आठवड्याभरात साचेबंद वाक्य ऐकलं की आपोआप ओळखू यायला लागलं, माझंसुद्धा. एकदा मी ‘साहित्य हा समाजाचा’ एवढंच म्हणालो आणि पुढचं सतरा जणांनी पूर्ण केलं.

एका मुलानं प्रतीकावरची बंदी मोडून आक्षेप घेतला. ग्रीक लोक थडग्यांवर तेलाच्या पांढऱ्या बुधल्या ठेवायचे हे त्यानं वाचलं होतं. नाटक पाताळात घडतंय, सामना मेलेल्या कवींचा, मग बुधली ही मृत्यूची नाही का? सुंदर आहे, मी म्हणालो, पण बसत नाही. ही रोजच्या वापरातली, तालमीतली बुधली आहे, आणि विनोद तिच्या क्षुद्रपणात आहे. तिला थडग्यावर नेऊन ठेवली की ती हरवत नाही. त्याला पटलं नाही. त्यानं पेपरात तेच लिहिलं, आणि मी गुण कापले नाहीत, कारण मांडणी त्याची स्वतःची होती.

मग तराजू आला. कवींची कला चीज विकल्यासारखी तोलायची, असं डायोनिसस म्हणतो. दोघांनी एकेक ओळ पारड्यात बोलायची. युरिपिडीस ‘मेडिआ’ची पहिली ओळ टाकतो, आर्गो जहाज उडत गेलं नसतं तर, वगैरे. एस्किलस टाकतो स्पर्खिऑस नदी आणि गुरांची कुरणं. एस्किलसचं पारडं खाली. का? डायोनिससचं स्पष्टीकरण असं की यानं ओळीत नदी घातली, लोकरवाला लोकर ओली करून विकतो तशी ओळ भिजवली. तुझी ओळ पंखांची होती.

हे मी इंग्रजीतून वाचलं आणि कोणी काही बोलायच्या आत चार-पाच जण एकदम हसले. तळटीप नाही, मराठी नाही. अडत्याकडचा मुलगा उभा राहून म्हणाला, “सर, हा तर ओला कापूस झाला!” कापसाच्या गाडीवर पाणी मारून वजन वाढवायचं, काट्यावर न्यायचं, आणि व्यापाऱ्यानं हात आत खोल घालून ओल पाहायची. खिडकीतून त्या क्षणीही रुई येत होती. कोणीतरी बाकावरची चिमूटभर उचलून त्याला तोलून दाखवली.

पुढच्या फेऱ्या त्यांनी स्वतःच सोडवल्या. युरिपिडीसची ‘मन वळवणं’ ही देवता, एस्किलसचा ‘मृत्यू’. मृत्यू जड. युरिपिडीसचा लोखंडानं जड झालेला सोटा, एस्किलसचा रथावर रथ आणि मढ्यावर मढं. दोन रथ आणि दोन मढी, शंभर इजिप्शियनांनाही उचलायची नाहीत. “म्हणजे काटा मारला,” निकाल आला. एस्किलस जिंकला तो कविता मोठी म्हणून की माल ओला म्हणून, यावर वर्ग दुभंगला तो शेवटपर्यंत जुळला नाही. मला स्वतःला वाटतं ॲरिस्टोफेनिसलाही दोन्ही हवं होतं. ज्या कवीला तो शहर वाचवायला परत पाठवतो, त्याच्याच कापसावर त्यानं पाणी मारलेलं दाखवलंय.

शेवटचा तास. पुस्तकं पुन्हा गोळा केली, 200 ओळींतली टिंबं मोजायला. मोजायचा कंटाळा आला इतकी होती. गाईडची यादीही कोणीतरी आणली होती. त्यातली 23 पैकी 5 वर्गानं ठेवली. सिंहाचं कातडं राहिलं, नाव राहिली. बेडूक म्हणजे सामान्य जनता हे वाक्य एकमतानं गेलं.

मग एकीनं विचारलं, एस्किलसला वर नेलं, पुढे अथेन्स वाचलं का? मी सांगितलं. नाटक 405 च्या हिवाळ्यात झालं. त्याच वर्षी एगॉसपोटामीला स्पार्टानं आरमार पकडलं, धान्याची वाट बंद केली, शहर उपाशी पडलं. 404 मध्ये शरणागती. बारा सोडून सगळी जहाजं द्यावी लागली. बंदरापर्यंतच्या लांब भिंती पाडल्या, त्याही बासरीवाल्या पोरींच्या सुरावर, असं इतिहासकार झेनोफन लिहितो. वर्ग गप्प होता. मी शेवटचं वाक्य म्हणून म्हणालो, “अशा रीतीने सत्तावीस वर्षांच्या युद्धानंतर अथेन्सनं भिंती गमावल्या, आरमार गमावलं, साम्राज्य गमावलं, आणि त्याची”

मागच्या बाकावरून, अगदी हळू आवाजात: “बुधली हरवली.”